गोगलगाय, पितळ आणि जुलैचा तक्ता

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुम्ही दोन वर्षांपासून एका मॉन्टेसरी बालवाडीत ताई आहात. मुख्याध्यापिका दर महिन्याला विषयाचा तक्ता मागतात: जून ‘माझी शाळा’, जुलै ‘पावसाळा’, ऑगस्ट ‘आपले सण’. प्रशिक्षणात मात्र तुम्हाला मुलाच्या मागे जायला, म्हणजे त्याची ओढ जिकडे असेल तिकडून शिकवायला, शिकवलं. मग मुलांच्या कुतूहलावर चाललेला महिना प्रत्यक्षात दिसतो तरी कसा, आणि त्या नादात अक्षरं-अंक मागे पडत नाहीत का?

मला या वर्गांत बावीस वर्षं झाली. तत्त्वं सांगत बसत नाही, एका जुलै महिन्याची गोष्ट सांगते. साताऱ्यातली शाळा, तीन ते सहा वयाची 26 मुलं एकाच वर्गात, आम्ही दोघी ताया, आणि मागच्या अंगणाला चुना लावलेली एक जुनी भिंत.

त्याआधी एक गोष्ट नक्की करून घेऊ. कुतूहलावर चालणारा वर्ग म्हणजे मोकाट वर्ग नव्हे. साधनांना क्रम असतो आणि तो मी मोडत नाही. खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवून आवाज हातात बसल्याशिवाय सुटी अक्षरं मिळत नाहीत. सोनेरी मण्यांत एकक, दशक, शतक हाताळल्याशिवाय मोठ्या बेरजा नाहीत. कशानंतर काय, हे साधन ठरवतं. कधी आणि किती वेळा, हे मूल ठरवतं. ‘कशासाठी’ हा तिसरा प्रश्न प्रशिक्षणाच्या वहीत फारसा नसतो. त्याचं उत्तर त्या जुलैत भिंतीवरून सरपटत आलं.

पहिल्या आठवड्यात पाऊस लागून राहिला होता. साडेचार वर्षांची एक मुलगी छत्री मिटायला अंगणात गेली ती आलीच नाही. बघायला गेले तर ती भिंतीसमोर उकिडवी बसलेली. भिंतीवर गोगलगायी. तिनं मला विचारलं काहीच नाही, नुसतं बोट दाखवलं. मी तिच्याशेजारी बसले आणि गप्प राहिले. हे गप्प राहणं शिकायला मला पाच-सहा वर्षं लागली असतील. नवीन असताना मी लगेच सुरू झाले असते, ‘ही बघ गोगलगाय, हिच्या पाठीवर काय आहे सांग बरं?’ असं विचारलं की मूल भिंतीकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागतं.

दहा मिनिटांनी ती म्हणाली, “ताई, ही भिंत खातीये.”

मला वाटलं, कल्पना. पण खरंच, चुन्यावर खरवडल्याच्या बारीक खुणा होत्या. शंख वाढायला गोगलगायीला कॅल्शियम लागतं आणि ते ती मिळेल तिथून घेते, चुन्यातूनसुद्धा. हे मला माहीत होतं, पण बावीस वर्षांत त्या भिंतीकडे मी त्या नजरेनं एकदाही पाहिलं नव्हतं. मी तिला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात एका ताटलीत वाटीभर अंड्याच्या कवचाचा चुरा ठेवला आणि कुणाला काही बोलले नाही. (आमच्याकडे बऱ्याच घरी अंडं येत नाही. त्यामुळे कवच माझ्या घरचं, आणि त्यावरून दोन पालकांचे फोन. तो वेगळा विषय.) दोन दिवसांनी मुलांनीच ओरडून सांगितलं, ताटलीत गर्दी झालीये.

एक सूचना इथेच. भिंतीवरच्या मोठ्या गोगलगायी बहुतेकदा आफ्रिकी जातीच्या असतात. त्यांच्यातून माणसाला बाधणारे परजीवी येऊ शकतात. त्यामुळे उघड्या हातानं धरायचं नाही, मोठं पान किंवा हातमोजा वापरायचा आणि नंतर साबणानं हात धुवायचे. आम्ही हे भीती घालून सांगितलं नाही. हात धुण्याचं काम जीवनव्यवहारात, म्हणजे रोजची घरकामं शिकण्याच्या भागात, असतंच: घागर, तस्त, साबणदाणी, नखांचा ब्रश, टॉवेल, सगळं ओळीनं. त्या महिन्यात त्या कामापुढे रांग लागायची. एरवी ज्याला हात धू म्हणून तीनदा सांगावं लागे, तो कोपरापर्यंत फेस करून उभा.

मग आजी आल्या. आमच्याकडे आठवड्यातून एकदा कुणाची तरी आजी येऊन बसते, भाजी निवडते, बोलते. त्या दिवशीच्या आजींनी सहज म्हटलं, “गोगलगाय नि पोटात पाय!” मोठ्या माणसांसाठी ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून बेरकी असलेल्या माणसाची. मुलांनी ती शब्दशः घेतली. पोटात पाय? कुठे आहेत? किती आहेत?

गंमत बघा, प्राणिशास्त्रात गोगलगायीच्या वर्गाला मराठीत उदरपाद म्हणतात, म्हणजे जिचं पोट हाच पाय. आजींची म्हण आणि शास्त्र इथे एकाच ओळीत उभे आहेत. पण हे मी मुलांना सांगितलं असतं तर तिथेच संपलं असतं. मी जुन्या तसबिरीची काच काढली, कडांना चिकटपट्टी लावली आणि दोन स्टुलांमध्ये आडवी ठेवली. पानावरून गोगलगाय काचेवर सोडली. मुलं खाली उताणी झोपली.

खालून जे दिसतं ते एकदा तुम्हीही बघा. पाय नसतातच, एक सबंध तळवा असतो आणि त्यात शेपटाकडून डोक्याकडे लाटा सरकत असतात, एकामागून एक. पाच वर्षांचा एक मुलगा म्हणाला, “पोटात पाणी चालतंय.” कुणीतरी म्हणालं, पाय विरघळलेत. एक जण जाऊन स्वतः पोटावर सरपटून आला आणि जाहीर केलं की जमत नाही, कारण पोट मध्येच अडकतं. त्या दिवशी कामाच्या सलग पावणेतीन तासांतला जवळजवळ एक तास सात-आठ मुलं त्या काचेखाली आळीपाळीनं होती. मी फक्त काच पुसत होते.

आता अक्षरांचं. ज्या मुलीनं भिंत खाताना पाहिली होती, तिला ‘गोगलगाय’ लिहायचं होतं. तिची खरखरीत अक्षरं बऱ्यापैकी झाली होती, सुट्या अक्षरांची पेटी नुकती उघडली होती. आमच्या पेटीत व्यंजनं एका रंगात, स्वरचिन्हं दुसऱ्या. तिनं ग घेतला, काना-मात्रा शोधली, पुन्हा ग, ल, पुन्हा ग, काना, य. मांडून झाल्यावर चटईवर वाकून बघत राहिली आणि म्हणाली, “यात गाय आहे.” नंतर जरा वेळानं, चिडून, “पण दूध तर देत नाही.” तिथून ती शब्दांत लपलेले शब्द शोधायला लागली. सूरजमध्ये रज, कमळमध्ये मळ. यातलं एकही मी शिकवलं नव्हतं. पेटीत ग तीनच होते आणि सगळे तिच्याकडे अडकले, म्हणून शेजारच्या चटईवर भांडण झालं. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठ्याचे आणखी चार ग कापून ठेवले.

अंकांचं त्याहून मजेशीर झालं. मोठ्या गटातल्या दोघांनी रोज सकाळी भिंतीवरच्या गोगलगायी मोजायचं ठरवलं. वीसपर्यंत ठीक चाललं. एके दिवशी एकोणतीस झाल्या आणि दोघांत वाद पेटला. एकाचं म्हणणं, एकोणतीस म्हणजे तीस होऊन गेले, कारण त्यात ‘तीस’ आहे. मराठी अंकांचा हा जुना दुखरा भाग आहे. शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला वेगळं नाव, आणि एकोणवाल्या संख्या मागे उभं राहून पुढच्याचं नाव घेतात. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. दोन्ही बाजू हिरिरीनं भांडल्या. मला वाटतं, मण्यांसमोर बसलेल्या मुलाला दोन्ही नावं परवडतात. मी त्या दोघांना शब्दांत समजावलं नाही. दशकाच्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या, दोन पट्ट्या आणि नऊ सुटे मणी आणायला सांगितले. मग म्हटलं, तीस आण. तीन पट्ट्या शेजारी ठेवल्या. दोघंही बघत राहिले. मग ज्याचं चुकलं होतं तो म्हणाला, “एक कमी आहे म्हणून एकोण.” एक ऊन, एकोण. शब्दाची फोड त्याची त्यानं केली. त्यानंतर आठवडाभर तो सगळ्यांना एकोण विचारत फिरला. घरी जाऊन आजोबांना एकोणऐंशी विचारून त्यांनाही गोंधळात पाडलं असं त्याच्या आईनं सांगितलं.

लाल दांड्यांचा किस्सा मात्र थोडा अवघड होता. दहा दांड्या, 10 सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत. मुलांना गोगलगाय दांडीवर चालवून तिची शर्यत मोजायची होती. मी नाही म्हटलं. दांड्या लांबीचा फरक हाताला आणि डोळ्याला कळावा यासाठी आहेत, त्यावर चिकट ओघळ आला की तो फरकही जातो आणि साधनाचा मानही. ‘मुलाच्या मागे जा’ याचा अर्थ मूल मागेल ते द्या असा नाही, हे तुम्हाला तुमच्या मुख्याध्यापिकांनाही सांगावं लागेल आणि काही उत्साही पालकांनाही. पण नुसतं नाही म्हणून सोडलं तर कुतूहल तिथेच बसकण मारतं. म्हणून दोऱ्याचा रीळ आणि बोथट कात्री दिली. तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, ते संपेपर्यंत गोगलगाय जिथे पोचेल तिथवर तिच्या ओल्या रेषेवर दोरा ठेवायचा, कापायचा आणि तो दोरा नेऊन दांड्यांशेजारी मांडायचा. बहुतेक दोरे पहिल्या दांडीच्या थोडे पुढे गेले. एक दोरा वाकडातिकडा होता, कारण गोगलगाय वळली होती, आणि तो सरळ केल्यावर लांब निघाला. यावर एक साडेतीन वर्षांचा मुलगा बराच वेळ गप्प झाला. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आता माझी चूक. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी फार खूश होते. शनिवारी बसून गोगलगायीच्या आकाराची मोजणीची कार्डं केली, रंगीत कागदाचा मोठा शंख फळ्यावर लावला, गाणं रचलं, पालकांना निरोप पाठवला की आपला सध्याचा विषय गोगलगाय. सोमवारी मुलं आली, फळ्याकडे पाहिलं आणि गुलाबी ठोकळ्यांच्या मनोऱ्याकडे गेली. मोजणीची कार्डं कुणी उचलली नाहीत. भिंतीकडेही त्या दिवशी दोघंच. तीन दिवस असंच. जे त्यांचं होतं ते मी माझं करून टाकलं होतं. शिवाय घरी आया विचारत होत्या, आज गोगलगायीबद्दल काय शिकलास? गुरुवारी मी कार्डं कपाटात टाकली, फळा मोकळा केला. शुक्रवारी मोजणारी जोडी पुन्हा भिंतीकडे गेली. विषयाच्या तक्त्याबद्दल माझं जे मत आहे ते त्या तीन दिवसांतून आलेलं आहे.

तिसऱ्या आठवड्यात लातूरकडचे आजोबा असलेल्या एका मुलानं सांगितलं, “माझे आजोबा यांच्यावर मीठ टाकतात. मग ते मरतात.” वर्गात शांतता. 2022 च्या जुलैत लातूर, बीड, उस्मानाबादकडे कोवळं सोयाबीन गोगलगायींनी रातोरात फस्त केलं होतं, शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली होती. ते मूल खोटं बोलत नव्हतं आणि त्याचे आजोबा दुष्ट नव्हते. पण समोर अशी मुलं बसली होती ज्यांनी दोन आठवडे काचेखाली झोपून तो प्राणी पाहिला होता. एक मुलगी रडायला लागली. मला भूतदयेवर बोलायचा मोह झाला, तो मी आवरला. त्या मुलाला म्हटलं, शेतात काय होतं ते सगळ्यांना सांग. त्यानं सांगितलं: रात्री बॅटरी घेऊन जातात, बादलीत गोळा करतात, पानं सगळी खाल्लेली असतात, आजी बडबडते. रडणारी मुलगी म्हणाली, “मग भिंत द्या ना खायला.” तो म्हणाला, “शेतात भिंत नसते.” यापुढे संवाद गेला नाही. मी तो पुढे नेला नाही. महिनाअखेरीला मुलांना गोगलगायी ‘त्यांच्या घरी’ सोडायच्या होत्या, तेव्हा मात्र मी स्पष्ट सांगितलं की ओढ्याला, शेतात, कुणाच्या बागेत सोडायच्या नाहीत, त्या आपल्या भिंतीवरच राहतील. दोघांना ते पटलं नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, जुलैचा विषय गोगलगाय होता. नव्हता. 26 पैकी फार तर अकरा मुलं कधी ना कधी त्यात होती, सलग म्हणाल तर पाच. पावणेचार वर्षांचा एक मुलगा त्या महिन्यात पितळ घासत होता. लहान समई, गडवा, घंटी. चिंच लावायची, घासायचं, धुवायचं, फडक्यानं पुसायचं, उजेडात धरायचं, पुन्हा चिंच. रोज. आमच्या दुसऱ्या ताई काळजीत पडल्या की याला पुढे न्यायला हवं. मी त्यांना त्याचा हात बघायला सांगितलं. जूनमध्ये तो फडकं मुठीत धरायचा. जुलैच्या अखेरीस समईच्या खाचेत तीन बोटांनी कोपरा घालत होता. पुढे पेन्सिल धरणार ती याच तीन बोटांनी. माझ्या निरीक्षणाच्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान असतं, त्याच्या पानावर मी त्या महिन्याचं नाव ‘पितळ’ लिहिलं. आणखी एक मुलगी नवी होती, घरची भाषा कन्नड. तिनं तीन आठवडे काही केलं नाही, नुसतं बघितलं. तिच्या पानावर तेच आहे: कुणाकडे, किती वेळ, कुठे उभी राहून. 29 तारखेला तिनं शांततेच्या खेळात आपलं नाव कुजबुजलेलं ऐकलं आणि चवड्यांवर चालत माझ्याकडे आली. शाळेत स्वतःहून केलेली तिची पहिली गोष्ट.

म्हणजे 26 मुलांचे 26 जुलै होते. तक्ता एकच विषय मागतो, तिथेच त्याचं आणि वर्गाचं फाटतं.

तुम्हाला वाटत असेल, हे चाललं ते शहरातल्या साधनसंपन्न शाळेत. तसं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर वाढवलं, तेव्हा परदेशी साधनांच्या किमतीपुढे त्यांनी हात टेकले नाहीत. शिंपले, बिया, पानं, खडे, जे भोवती होतं त्यातून साधनं उभी केली. ही पद्धत घडवणाऱ्या खुद्द मॉन्टेसरीबाई 1939 च्या अखेरीस चेन्नईजवळ अड्यारला आल्या, युद्धामुळे अडकल्या, आणि 1942 ते 44 कोडईकनालला राहिल्या. निसर्गाकडे बघण्याच्या त्यांच्या कामाला तिथल्या डोंगरात, झाडाकिड्यांच्या संगतीत, बराच आकार आला. माझी भिंत आणि काच याच परंपरेतली आहेत.

अक्षरं-अंकांच्या काळजीबद्दल सरळ उत्तर: काही मुलांची मागे राहतात, त्या महिन्यात. पितळवाल्यानं जुलैत एकही अक्षर नवीन घेतलं नाही. सप्टेंबरात त्यानं तीन आठवड्यांत चौदा घेतली. पण हे सगळ्यांचं होईल असं मी कबूल करणार नाही. मार्चनंतर मोठ्या गटातलं एखादं मूल अक्षरांकडे फिरकतच नसेल तर मी वाट बघत बसत नाही, त्याच्या आवडीच्या गोष्टीला अक्षर चिकटवून समोर ठेवते आणि रोज पाच मिनिटं त्याच्याबरोबर बसते. काही ताया याला हस्तक्षेप म्हणतील. म्हणू देत.

तुमच्या वहीसाठी एवढं करा. प्रत्येक मुलाला एक पान. रोज सगळ्यांचं लिहायला जाऊ नका, जमत नाही. रोज पाच-सहा मुलं ठरवा आणि त्यांच्याबद्दल जे दिसलं ते लिहा, वाटलं ते नाही. ‘आनंदी होता’ नको, ‘गडवा चार वेळा घासला, मध्ये पाणी सांडलं, स्वतः पुसलं’ हवं. आठवड्यात प्रत्येकाचं निदान एकदा होतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक पानावर त्या मुलाच्या महिन्याला नाव द्या. मग जी नावं तीन-चार पानांवर सारखी येतील ती एका कागदावर उतरवा. तो तुमचा खरा तक्ता, फक्त तो पहिल्या तारखेला नाही, तीस-एकतीस तारखेला तयार होतो.

मुख्याध्यापिकांना आधी हवा असेल तर भांडू नका. त्यांनाही संस्थेला काहीतरी दाखवावं लागतं. पहिल्या तारखेला एक पान द्या, त्यात विषय लिहू नका, वर्गात काय ठेवणार ते लिहा: अंगणात पाणी साठायला दोन घमेली, भिंग, सुटी अक्षरं नव्यानं लावलेली, चिंच आणि पितळ, आजींचा वार बुधवार. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 नं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून खेळातून, शोधातून शिकण्यावर भर दिलाच आहे, त्याचाही उल्लेख करा, संस्थेच्या बैठकीत असे कागद चालतात. महिनाअखेरीला दुसरं पान त्याखाली जोडा. पहिल्या दोन महिन्यांत दोन्ही पानांचा एकमेकांशी फारसा संबंध दिसणार नाही. माझ्या पहिल्या जुलैत मी घमेली ठेवली होती होड्यांसाठी, आणि मुलांनी त्यात महिनाभर फडकी भिजवून पिळली.